दूध : गोठ्यातले आणि शेतातले

पुणे शहराच्या सदाशिव पेठेत पहाटेची पहिली वर्दळ होते ती दुधाच्या गाड्यांची. टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि बाजीराव रस्ता यांच्या मधल्या बोळांतून पिशव्यांनी भरलेले क्रेट उतरू लागतात आणि उजाडते न उजाडते तोच ते रिकामे होतात. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील कुटुंबे, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी खोल्या घेऊन राहिलेले खेड्यापाड्यांतील विद्यार्थी, चहाची अमृततुल्ये, मिठाईची व मस्तानीची दुकाने या सर्वांचा दिवस दुधापासून सुरू होतो. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत वसलेल्या आणि पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत आज गोठा शोधून सापडावयाचा नाही; पण तिचा संबंध गोठ्याशी कधीच तुटलेला नाही.

हा संबंध कसा टिकला ते पाहण्यासारखे आहे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे दुग्धव्यवसायास आरंभ केला आणि पुढे त्यांच्या मुलांनी पुण्यात दुकान घालून कृष्णाकाठचे दूध या शहराच्या दारी आणले. पुणे जिल्ह्यातील उत्पादकांचा सहकारी दूध संघ १९६० साली स्थापन झाला. त्याची दूधशाळा कात्रजला आहे. ज्या कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी शहरात पाणी खेळविले त्याच बाजूने आता दूध येते, हा एक मौजेचा योगायोग म्हटला पाहिजे. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला आणि दोनतीन लिटर देणाऱ्या गाईच्या जागी आठदहा लिटर देणारी गाय सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला आली. दुधाचा पैसा दहा दिवसांनी हाती येतो आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तोच बहुधा किराण्याचा व शाळेच्या फीचा पैसा असतो.

अलीकडे याच पेठेतील दुकानांच्या फळ्यांवर आणखी एक जिन्नस दिसू लागला आहे. सोयाबीन, बदाम, ओट किंवा तांदूळ यांपासून केलेले, दुधासारखे दिसणारे पेय जाड कागदी डब्यांत भरून विकले जाते. ज्यांना दुधातील साखर पचत नाही असे लोक ते घेतात, प्राण्यांविषयीच्या करुणेने दूध वर्ज्य करणारे घेतात आणि गाईम्हशींच्या पालनाने पृथ्वीचे हवामान तापते असे वाचलेले तरुणही घेतात. यांतील पहिल्या दोन कारणांशी शेतकऱ्याने वाद घालण्याचे प्रयोजन नाही. तिसरे कारण मात्र त्याच्या गोठ्यावर ठेवलेला आरोप आहे. तो खरा किती आणि खोटा किती, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यास सांगता आले पाहिजे. कारण शहरातील मुलगा सुटीत गावी येऊन हीच गोष्ट बापाला सांगतो, आणि बाप ती कार्यकर्त्याला विचारतो.

प्रथम नावाचा घोळ दूर केलेला बरा. कायद्याने दूध म्हणजे दुभत्या जनावराच्या कासेतून मिळणारे दूध. वनस्पतिजन्य पेयांच्या डब्यांवर ‘दूध’ हा शब्द वापरू नये, अशी भूमिका भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घेतली असून २०२१ च्या सप्टेंबरात ऑनलाइन विक्रेत्यांनाही तशा सूचना दिल्या. परंपरेने रूढ असलेल्या नारळाच्या दुधासारख्या नावांना त्यातून सूट आहे. कोकणातील गृहिणीने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. सोलकढीसाठी खोबरे वाटून पिळून काढलेल्या द्रवास ती बहुधा नारळाचा रस म्हणते. येथेही सोयीसाठी ‘सोयारस’ हाच शब्द वापरला आहे.

हा विचार परदेशातून आयात झालेला आहे, असेही समजण्याचे कारण नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते आणि पुढे आजारपणात शेळीचे दूध घेण्यास ते राजी झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी आहारात सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याची प्रथिने गाईम्हशींच्या दुधात मिसळून ‘मिलटोन’ नावाचे पेय तयार केले होते. त्या काळी प्रश्न दुधाच्या टंचाईचा होता. आज भारत जगात सर्वाधिक दूध उत्पन्न करणारा देश आहे. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. टंचाई सरली आणि प्रश्नाचे रूप पालटले.

आता आरोपाकडे वळू. ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून तिचे निष्कर्ष २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे जगाच्या सरासरीने एक लिटर दुधामागे सुमारे ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापकारक वायू हवेत जातात. सोयारसाच्या लिटरमागे हाच आकडा सुमारे १, ओटच्या पेयामागे ०.९, तांदळाच्या पेयामागे १.२ आणि बदामाच्या पेयामागे ०.७ किलो आहे. एक लिटर दुधासाठी जमीन लागते सुमारे ९ चौरस मीटर, सोयारसाला एक चौरस मीटरहूनही कमी. पाणी दुधाला ६२८ लिटर, बदामाला ३७१, तांदळाला २७०, ओटला ४८ आणि सोयाबीनला अवघे २८ लिटर. वायू, जमीन आणि पाणी या तिन्ही बाबतींत दूध मागे पडते. हे आकडे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कशाचे आहेत, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

दुधाचा आकडा इतका मोठा होण्याचे मुख्य कारण गाईच्या पोटात आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. आपणास न पचणारा कडबा, गवत, पाचट ते आंबवितात व त्यापासून जनावरास शक्ती मिळते. हे काम होत असता मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तथापि तो हवेत सुमारे बारा वर्षांतच विरतो. कोळसा व डिझेल जाळून निघालेला वायू मात्र शतकानुशतके राहतो. म्हणून मिथेन कमी केल्याचा लाभ लवकर दिसतो, ही या सर्व प्रकरणातील एक आशादायक गोष्ट आहे.

आपल्याकडील दुभत्या जनावरामागे वर्षाकाठी साधारणतः ४० ते ६० किलो मिथेन निघतो. आता एक सोपा हिशेब करावा. एक गाय दिवसाला दोन लिटर दूध देते व वर्षात तीनशे दिवस दुभती राहते असे धरले, तर तिचे दूध होते ६०० लिटर. तिचा मिथेन ४० किलो, म्हणजे १,०८० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. लिटरमागे पडले १.८ किलो. दुसरी गाय दिवसाला आठ लिटर देते. वर्षाचे झाले २,४०० लिटर. ती खाते जास्त म्हणून तिचा मिथेन ६० किलो धरला, तरी लिटरमागे पाऊण किलोहून कमीच पडतो. यात शेण, वैरण, वाहतूक धरलेली नाही. परंतु मुद्दा स्पष्ट व्हावा. जनावर जितके अर्धपोटी, आजारी व उशिरा गाभण राहणारे, तितका त्याच्या दुधाचा भार हवेवर अधिक. शेतकऱ्याचा तोटा आणि हवेचा तोटा येथे एकाच दावणीला बांधलेले आहेत.

या हिशेबात एक मोठी अडचण आहे, ती शहरातील वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. युरोप-अमेरिकेत गाईला मका, बार्ली, सोयापेंड असे धान्य मोठ्या प्रमाणावर चारले जाते आणि त्यासाठी स्वतंत्र जमीन लागते. आपल्याकडे लहान शेतकऱ्याचे जनावर पुष्कळ अंशी ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, गव्हाचा भुसा, उसाचे वाढे, बांधावरचे गवत आणि सरकीची वा शेंगदाण्याची पेंड यांवर जगते. ज्वारी माणसासाठी पेरलेली असते; कडबा तिच्या जोडीने येतो. जगभरच्या जनावरांच्या खाद्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग माणसास खाण्याजोगा नसतो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या तज्ज्ञांचा २०१७ सालचा अंदाज आहे. तेव्हा नऊ चौरस मीटर जमिनीचा आकडा सोलापूर-अहिल्यानगरकडच्या कडब्यावर पोसलेल्या गाईला जसाच्या तसा लावता येणार नाही. मिथेन मात्र कडब्यावरच्या गाईच्या पोटातही होतोच, किंबहुना निकस वैरणीवर लिटरमागे तो जास्तच होतो.

पूर्वी हा भार वाटला जात असे. गाय दूध देई, तिचे खोंड नांगर ओढी, शेण खत होई. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि खोंडाला काम उरले नाही. राज्यात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी लागू झाल्यावर भाकड गाय आणि बिनकामाचे खोंड यांचा सांभाळ हा खर्चाचाच विषय झाला आहे. त्यांच्याही पोटातून मिथेन निघतो आणि तो हिशेबाने दुधाच्याच खात्यावर पडतो. देशात २०१९ च्या पशुगणनेत १९.२ कोटी गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. यातील दुभती जनावरे किती, हा प्रश्न संख्येच्या प्रश्नाहून महत्त्वाचा आहे.

आता शेतातल्या रसाकडे पाहू. सर्व पेये एका मापाने मोजणे बरोबर नाही. बदामाचे पेय घ्या. जगातील सुमारे ८० टक्के बदाम अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, पाण्याच्या टंचाईच्या मुलुखात, ओलिताखाली पिकतो आणि तेथून जहाजाने येतो. डब्यात बदामाचा अंश थोडा व पाणीच फार. त्यामुळे वायूचा आकडा कमी दिसतो, तसे प्रथिनही नाममात्रच असते. तांदळाच्या पेयाची गत त्याहून हलकी, आणि भाताच्या उभ्या पाण्यात चिखलातूनही मिथेन निघतो. हे पेय आणि दूध यांची लिटराला लिटर तुलना करणे म्हणजे ताक आणि चक्का एकाच भावाने तोलणे होय. प्रथिनांच्या दृष्टीने दुधाच्या जवळ येतो तो सोयारस. गाईच्या दुधात शंभर ग्रॅममागे सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिने असतात, चांगल्या सोयारसात सुमारे ३. परंतु दुधातील शंभर ग्रॅममागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि बी-१२ हे जीवनसत्त्व सोयारसात आपोआप येत नाही; कारखान्यात ते वरून घातलेले असेल तरच असते. ज्या घरातील मुलाच्या ताटात दुधाखेरीज पोषक असे फारसे काही नसते, तेथे दूध बंद करून तांदळाचे किंवा बदामाचे पाणी देण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

आणि सोयाबीन तर आपल्याच शेतात आहे. महाराष्ट्रात हे पीक अलीकडे सुमारे ५० लाख हेक्टरांवर घेतले जाते. सदाशिव पेठेतून मुठा ओलांडून पलीकडे गेले की आघारकर संशोधन संस्था लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची ही संस्था. तिच्या बारामती तालुक्यातील होळ येथील प्रक्षेत्रावर सोयाबीनच्या अनेक जाती तयार झाल्या. ‘एमएसीएस’ या आद्याक्षरांच्या जाती शेतकऱ्यांना परिचित आहेत. ती आद्याक्षरे याच विज्ञानवर्धिनीची. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ‘एनआरसी १४२’ ही जात काढली असून तिच्यात सोयाबीनचा उग्र वास आणणारे विकर व पचनास अडथळा करणारा एक घटक, दोन्ही नाहीत. रसासाठी अशी जात अधिक योग्य.

एक हेक्टरात दहा क्विंटल सोयाबीन धरले आणि एका किलोपासून सात लिटर रस धरला, तर हेक्टरी सात हजार लिटर रस निघतो. लिटरमागे जमीन लागली दीड चौरस मीटरहून थोडी कमी. जगाच्या सरासरीपेक्षा ती जास्त आहे, कारण आपले उत्पन्न कमी आहे. तरी दुधाच्या आकड्यापुढे ती अल्पच.

पैशाचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. तो पुरा मिळाला असे समजले, तरी एका लिटर रसातील सोयाबीनची किंमत साडेसात रुपयांच्या आसपास येते, आणि शहरात तोच डबा लिटरला शंभर रुपयांहून अधिक दराने विकला जातो. चांगल्या सहकारी संघात ग्राहकाने दिलेल्या रुपयाचा मोठा वाटा उत्पादकाच्या घरी पोहोचतो. दुधाचे दरही पडतात, हे खरे; २०२४ च्या जानेवारीत राज्य शासनास गाईच्या दुधावर लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. तरी दुधाला गावात संकलन केंद्र आहे, वजनकाटा आहे, फॅट मोजण्याचे यंत्र आहे. सोयारसाला यातले काहीच नाही. पेठेतल्या ग्राहकाने दूध सोडून डबा घेतला म्हणजे हवेचे काही भले झाले असेल, पण तो पैसा गावातून निघून मध्यल्या कारखान्याकडे वळला.

सोयाबीनचे आणखी एक देणे आहे, ज्याची नोंद कोणी ठेवीत नाही. विदर्भ-मराठवाड्यात हे पीक पसरले ते पुष्कळ ठिकाणी खरीप ज्वारीच्या जागेवर. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार जनावर नाखुषीने खाते. गोठ्यातली वैरण महाग झाली त्यामागे हेही एक कारण आहे. जगात पिकणाऱ्या सोयाबीनचा सुमारे तीनचतुर्थांश भाग जनावरे व कोंबड्यांच्याच पोटी जातो. गाय आणि सोयाबीन यांना प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणारे हे विसरतात की ती दोन्ही एकाच घरातली आहेत.

तेव्हा शेतकऱ्याने गाय विकावी काय? ज्याच्याकडे कडबा, वाढे आणि घरचे मनुष्यबळ आहे त्याने विकू नये. जो पाटाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर केवळ हिरवा चारा पिकवून, बाहेरचे खाद्य विकत आणून मोठा कळप चालवितो, त्याने मात्र लिटरमागे पाण्याचा व खाद्याचा हिशेब मांडून पाहावा. दोन्ही गाई सारख्या नव्हेत.

जनावरे थोडी व दुभती ठेवावीत. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरल्यास बहुतांशी कालवडीच जन्मतात व बिनकामाच्या खोंडांचा प्रश्न हलका होतो. कडबा आख्खा टाकू नये, कुट्टी करून द्यावा. भुसा निकस असेल तर शंभर किलोस चार किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून सारखा शिंपडावा, दाबून झाकावा आणि तीन आठवड्यांनी थोडा वारा लागू देऊन घालावा. सहा महिन्यांच्या आतील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नये. खनिज मिश्रण रोज द्यावे. समतोल आहाराने दूध वाढते आणि लिटरमागचा मिथेनही घटतो.

शेणाकडे दुर्लक्ष होते. खोल, ओल्या खड्ड्यात कुजणाऱ्या शेणातूनही मिथेन निघतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रास रोज सुमारे ५० किलो ओले शेण लागते; चारपाच जनावरांच्या गोठ्यास ते परवडते. चूल पेटते, धूर जातो, आणि मळी शेतास मिळते. मात्र संयंत्राला गळती असेल किंवा गॅस न जाळता सोडून दिला जात असेल, तर हवेच्या दृष्टीने ते नसलेले बरे. म्हणून कार्यकर्त्याने उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी एकदा पुन्हा जाऊन सांधे व झडपा तपासाव्यात. ही दुसरी भेट बहुधा राहून जाते.

सोयारस घरीही करता येतो आणि महिला बचत गटांस तो जोडधंदा होऊ शकतो. निवडलेले सोयाबीन रात्रभर भिजवावे, चोळून साले काढून टाकावीत आणि उकळते पाणी घालून वाटावे. गरम पाण्याने उग्र वास कमी होतो. एक किलोस एकूण सातआठ लिटर पाणी पुरते. वाटण कापडातून गाळावे व रस ढवळीत निदान वीस मिनिटे चांगला उकळावा. कच्चा रस पिऊ नये, कारण त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनास विरोध करतात व ते उष्णतेनेच नष्ट होतात. रस दुधासारखाच नासतो, म्हणून त्याच दिवशी संपवावा किंवा थंड जागी ठेवावा. गाळून उरलेल्या चोथ्यात प्रथिने बरीच राहतात. तो थोड्या पाण्यात शिजवून, ताजा असतानाच पिठात मिसळून थालीपिठे करतात. उरेल तो कुट्टीवर पसरून संध्याकाळच्या धारेच्या वेळी गाईपुढे ठेवावा.